दुधाचा दात पडेपर्यंत

दिवाळी उलटली, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की आमच्या वाशीमच्या गल्लीत पिंजारी येतो. खांद्यावर माणसाहून उंच धनुकली, तिला ताणून बांधलेली तात, आणि आरोळी मात्र इतकी बारीक की कुणी ऐकू नये म्हणूनच मारली असावी. कुणाच्या तरी अंगणात तो उन्हाची जागा बघून बसतो, जुन्या गादीतला दगड झालेला कापूस पुढ्यात ओढतो, तातीवर लाकडी मूठ मारतो आणि टंग, टंग, धुनक् सुरू होतं. लोकांना त्या आवाजाने थंडी आठवते, रजया आठवतात. मला झोप येते. थट्टा नाही करत. एकदा शाळेच्या भिंतीपलीकडे पिंजारी बसला होता आणि मी वर्गात पाढे घेता घेता खुर्चीवर चक्क डुलकी काढली. पोरी फिदीफिदी हसल्या. हेडबाईंनी विचारलं, "काय हो, प्रकृती बरी नाही का?" त्यांना काय सांगणार, कपाळ माझं.

यंदा पिंजाऱ्याला मीच बोलावून घेतलं. माझी लेक कुसुम पहिल्या बाळंतपणाला आली आहे, मुलगी झाली आहे, तिच्यासाठी लहानशी गादी करायची होती. लढाईमुळे कापड कंट्रोलवर, नवी खोळ मिळणार कुठून, म्हणून माझंच एक जुनं मऊ लुगडं फाडलं. पिंजारी अंगणात बसला. उन्हात कापसाचे तंतू उडायला लागले. कुसुम खोलीतून ओरडली, "आई, त्याला जरा लांब बसव ना, बाळाच्या नाकात जाईल सगळं." मी उंबऱ्यावर बसले होते. उठून त्याला सांगायला हवं होतं. मला उठवेना. अंगातलं बळ कुणीतरी काढून घ्यावं तसं झालं, आणि त्यात सुख होतं, आणि त्या सुखाचा मला राग आला.

हा राग जुना आहे. तो कुणावर आहे हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

माझं नाव उकंडाबाई. शाळेत नवीन आलेल्या शिक्षिका ते पहिल्यांदा ऐकून हसू दाबतात, मग सवय होते. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. वऱ्हाडात गावोगाव एखादा उकंडा, एखादी उकंडी सापडेलच. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरातलं नवीन मूल सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवायचं. टाकून दिलेलं, कुणाला नको असलेलं. मग आधी ठरवून ठेवलेली एखादी बाई येते, ते उचलते, आणि आई सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून ते विकत घेते. म्हणजे आता ते आपलं नाही, बाजारातून आणलेलं. सटवाई पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहायला येते तेव्हा तिने फसावं, एवढाच त्यातला डाव. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं, मूल आईच्या कुशीत परत येतं, नाव तेवढं मागे राहतं.

माझ्या बाबतीत ते संध्याकाळपर्यंत आटोपलं नाही.

आमचं घर तेव्हा रिठदला. माझ्या आधी आईची तीन मुलं गेलेली, एकही पाळण्यातून खाली उतरलं नाही. घरात शेवटचा शब्द आत्याचा. वडिलांची थोरली बहीण ती, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, आवाजाने आणि हाडाने दणकट. तिने ठरवलं की यावेळी कच्चं काम करायचं नाही. पुढे हे सगळं तिच्याच तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते पाहिल्यासारखं दिसतं. "लगेच घेतलं त तिले समजते," आत्या म्हणाली, "नाटक व्हय म्हणते. दुधाचा दात पडू द्या पोट्टीचा. मंग घेऊ." आणि उचलायला बाई निवडली ती आमच्यापासून चार घरं पलीकडची आमनाबी, पिंजाऱ्याची बायको. तिच्या अंगावर तेव्हा तिचं मूल पीत होतं. शिवाय आत्याचा हिशेब असा, की त्या घरात ना सटवाईची पूजा, ना पाचवीचा पाटा. सटवाई तिकडे फिरकायचीच नाही.

वडील ओट्यावर बसून दोर वळत राहिले. आईने छातीला फडकं आवळून बांधलं. गाय पान्हा चोरते म्हणतात. आईला तो चोरायला लावला.

इथे 'आई' असं लिहिते आहे. लिहिताना ते सोपं जातं, कागदाला काही ऐकू जात नाही.

मला आठवतं ते सगळं आमनाबीच्या घरातलंच. तिला मी अम्मा म्हणायची. त्या घरात कापूस सगळीकडे होता. आढ्याला होता, अम्माच्या भुवयांवर होता, भाकरीतही एखादा तंतू निघायचा. अब्बा पिंजायला बसले की घरातली भांडी किंचित थरथरायची. अम्मा मला मांडीवर आडवी घेऊन सरकी निवडायची, एक हात माझ्या पाठीवर, एक कापसात. तिच्या अंगाला तेलाचा, धुराचा आणि सरकीचा वास होता. त्या मांडीवरून मला कुणी उठवील हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. मूल असं काही ठरवून बसत नाही म्हणा. ते बोलायला शिकण्याच्या आधीच कुणाचं तरी होऊन बसतं, आणि मग उरलेल्या जगाकडे त्या मांडीवरून बघतं. एवढ्या मुली माझ्या हाताखालून गेल्या. कोणती पोर कुणाच्या मांडीवरून आली आहे हे मला पहिल्या दिवशी तिच्या रडण्यावरून कळतं. काही पोरी रडतात आणि दाराकडे बघतात. काही रडतच नाहीत. मला या न रडणाऱ्या पोरींची जास्त काळजी वाटते.

आई रोज यायची. तिला मी मामी म्हणायची, तसंच शिकवलं होतं. कधी भाजीची जुडी घेऊन यायची, कधी विस्तव मागायला. आत यायची नाही. दारात उभी राहून माझ्याकडे न बघता, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "कोणाची पोट्टी व्हय वं आमनाबी?"

"माही," अम्मा तितक्याच मोठ्याने म्हणायची.

"आमची त नाही ना?"

"तुमची कायले राहीन? माही व्हय."

"बरं बापा," असं म्हणून आई निघून जायची. समाधानाने जायची. तिच्या लेखी त्या दिवसापुरतं काम झालेलं असायचं, सटवाईने ऐकलेलं असायचं. आणि अम्माच्या मांडीवर बसून ते मीही ऐकत असायची. रोज. सटवाई फसली की नाही मला माहीत नाही. मी मात्र पुरती फसले. देवीला चकवण्यासाठी मोठ्या माणसांनी इतकी सावधगिरी बाळगली, आणि मधे बसलेल्या पोरीला कान आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मग ती थंडी आली. गावभर कापूस वेचणं चालू होतं, सकाळी सगळ्या बायका शेतात. भाकरीचा तुकडा मोडताना माझा खालचा पुढचा दात हातात आला. रक्त थोडंसंच आलं. मला केवढी मौज वाटली. धावत जाऊन अम्माला दाखवला. अम्मा हसली नाही. तिने दात घेतला, पदराच्या गाठीला बांधला, आणि तळहाताने माझं तोंड झाकलं.

"तोंड बंद ठेव बेटा," ती म्हणाली. "कोणाले दात दाखवू नको. हासू नको गल्लीत."

"काहून?"

"मी सांगून राह्यली म्हणून."

मी ओठ मिटून हिंडायला लागले. खेळताना हसू आलं तर घरात पळायची आणि कापसात तोंड खुपसून हसायची. अम्माला काय वाटत होतं, किती दिवस हे लपेल? दुसरा दात हलायला लागला होता. ती बाई शहाणी होती, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला मूल दिलं होतं आणि त्याच्यावर माया लावू नको असं सांगितलेलं नव्हतं, ते सांगायचं राहून गेलं होतं. अडकली ती. मला तिचा राग कधीच आला नाही, हे आज मोठ्या वयात मला अन्यायाचं वाटतं.

आई आली, तेच विचारलं, अम्माने तेच उत्तर दिलं. आणि मग नेहमीसारखी वळून न जाता आई थांबली. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "काय वं, तोंडात काय हाय तुह्या?"

मी मान हलवली. ओठ घट्ट मिटले. आईने काही हात लावला नाही, नुसती बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडाकडे ती रोज चोरून कशी बघत असेल हे मला तेव्हा कसं कळणार. मी घाबरून अम्माकडे पाहिलं. अम्मा सरकी निवडत होती, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या, आई आणि गल्लीतल्या बायका आल्या. सूपभर कोंडा होता, त्यावर हळदकुंकू. अम्माने दोन्ही हातांनी सूप घेतलं. मला वाटलं काही सण आहे. आत्याने मला काखोटीला मारून उचललं, मी मोठी होते, पाय लोंबत होते. मी अम्माकडे हात केले. तिचे दोन्ही हात सुपात गुंतलेले. मागे वळून बघितलं तेव्हा त्यांची शेळी कोंड्याला तोंड लावत होती आणि अम्मा तिला हाकलत नव्हती.

आता आईच्या घराचं सांगते. वेचणीच्या दिवसांत आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरलेला असायचा, जमिनीपासून आढ्याला टेकेल इतका. दाराशी तेवढी जागा मोकळी. मी पळते म्हटल्यावर मला तिथे ठेवून बाहेरून कडी घालायला लागले. मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते, गुळाचा खडा हातात देत. सगळ्यांना शेतात जायचं होतं, घरात पोरीच्या मागे धावायला माणूस नव्हतं, त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण ती खोली. कापूस आवाज गिळतो. मी ओरडायची आणि ओरडणं तोंडापाशीच संपायचं. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत मऊ. गरम, कोंदट, नाकात सरकीचा वास. वास अम्माचाच आणि अम्मा नाही. चार घरं पलीकडून तातीचा आवाज यायचा तेवढाच आत शिरायचा. मी त्या आवाजाच्या बाजूला कापसात भुयार करत जायची आणि तिथेच झोप लागायची. संध्याकाळी आई दार उघडायची, मला शोधायची. तिला मी दिसायची नाही. ती कापूस उपसत राहायची, पण हाक मारायची नाही.

ही गोष्ट मला फार लागली. हाक मारायची नाही. अम्मा दिवसातून शंभरदा मुन्नी, मुन्नी करायची. ही बाई मला जेवायला वाढायची, न्हाऊ घालायची, पाणी जरा कढतच असायचं, वेणी ओढून घालायची, आणि माझ्याशी बोलताना माझं नाव घ्यायची नाही. आत्या मात्र सारखी मागे लागायची. "मायले माय म्हण. मामी काय म्हणून राह्यली? माय म्हण." एकदा आत्याने कान पिळला. तेव्हा चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. नाही म्हणत त राहू द्या."

राहू द्या. हे दोन शब्द मी पुढे कितीतरी वर्षं उराशी बाळगले. एका बाईने मला दारातून घालवलं आणि दुसरीने राहू द्या म्हटलं.

हो, अम्माने घालवलं. कडी घालायची राहिली की मी पळायचीच, सरळ पिंजाऱ्याचं दार गाठायची. पहिल्यांदा तिने घेतलं, पोटाशी धरलं, आणि आत्या येऊन भांडून गेली. ठरलं होतं ते ठरलं होतं, कोंडा घेतला होता. त्यानंतर मी आले की आतून फळ्या लागायच्या. तातीचा आवाज बंद व्हायचा. मी दाराला तोंड लावून अम्मा, अम्मा करायची. ती फळ्यांच्या मागेच बसलेली असायची, मला तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. "जाय बेटा," ती म्हणायची, "तुही माय वाट पाहून राह्यली." मी म्हणायची, "माही माय तू व्हय. तूच सांगतलं होतं."

मग आई यायची. दारापासून जरा लांब, लिंबाखाली उभी राहायची. ती जवळ येऊन मला उचलायची नाही आणि लांबून बोलवायची नाही. तिथे उभी, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी इकडे, फळ्यांना पाठ लावून. आत ती तिसरी. आम्ही तिघी अशा, आणि मधे एक लहानसा रस्ता. रडून रडून दमले की मी उठायची. मी उठले की आई वळून चालायला लागायची, आणि मी तिच्या मागून जायची, काही हात अंतर ठेवून. बघणाऱ्याला वाटावं, दोघींची ओळखही नाही.

होळीच्या आधी पिंजाऱ्याचं कुटुंब गाव सोडून कारंज्याकडे गेलं. तिथे त्यांचे नातेवाईक होते, काम बरं मिळायचं, असं सांगत. मला कुणी सांगितलं नाही. मी पळून तिथे गेले तर फळ्या उघड्या होत्या आणि आत झाडून काढलेली जमीन. त्या दिवसापासून माझ्यावर कडी घालायचं कारण उरलं नाही. कापूसही विकून झाला होता. खोली मोकळी झाली. मी शहाणी झाले असं आत्या सगळ्यांना सांगायला लागली.

शहाणी म्हणजे काय, तर मी मागणं सोडलं.

पुढे मामी म्हणणं बंद झालं, माय काही म्हणवेना, मग मी काहीच म्हटलं नाही. काहीच न म्हणता माणूस आयुष्य काढू शकतो, तुम्हाला पटणार नाही. त्याची एक रीत बसते. आईशी बोलायचं असलं की मी तिच्या समोर जाऊन उभी राहायची आणि तिने बघेपर्यंत थांबायची. ती विहिरीवर असली तर विहिरीवर जायची. मग हे इतकं अंगवळणी पडलं की मला कुणालाच लांबून हाक मारता येईना. नवरा मला देवाने चांगला दिला. मास्तर होते, त्यांनीच मला घरी शिकवून परीक्षेला बसवलं. पण स्टेशनवर ते चुकीच्या डब्याकडे निघालेले दिसले तरी मी मागून धावत जाऊन त्यांच्या कोटाला हात लावायची. ते म्हणायचे, "अहो, तोंड आहे ना? हाक मारायची." मला हसू यायचं आणि पुढच्या वेळी मी पुन्हा कोटालाच हात लावायची. शाळेत मी मुलींना घंटा वाजवून गोळा करते. कडक बाई म्हणून माझा लौकिक आहे. चांगलंच आहे, तो तरी उपयोग झाला.

कुसुम लहान असताना पाळण्यात रडायला लागली की माझे पाय जमिनीला चिकटायचे. मी तिच्याकडे जायची, जात नव्हते असं नाही, पण आधी एक क्षण मी खोलीबाहेर उभी राहून वाट बघायची. कसली? तिची आई येईल म्हणून. मग आठवायचं की ती आई मीच. तिला उचलून घेतल्यावर इतकी आवळायची की ती आणखी रडायची. मला भीती वाटायची की ही माझ्यावर जीव लावेल आणि मग काहीतरी होईल. काय होईल ते मला सांगता आलं नसतं.

कुसुम झाली त्या बाळंतपणातच मला ताप भरला, मी जगते की नाही असं झालं. रिठदहून आई आली. आली, आणि घरात पाऊल न टाकता ओट्यावर बसली, खोलीकडे पाठ करून. सुईण आतून म्हणाली, "अवं, लेकीले येऊन पाह्य तरी." आई बसून राहिली. ताप उतरला तशी उठून परत गावी गेली. मी त्या दिवशी मनात म्हटलं, संपलं. ज्या बाईला मरत्या लेकीचं तोंड बघवत नाही तिच्याशी माझं काही नातं नाही. आणि तरी वडील गेल्यावर मीच तिला इथे वाशीमला घेऊन आले. लोकांनी माझं कौतुक केलं. कर्तव्य करायला माया लागतेच असं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तर आता ती इथे आहे. डोळ्यांत फुलं पडली आहेत, माणूस सावलीसारखा दिसतो, कानही जड झाले. दिवसभर मागच्या खोलीत भिंतीला टेकून असते. मी तिच्या समोर जाऊन उभी राहायची, ती आमची जुनी रीत, तिला आता दिसत नसल्यामुळे मोडली. मी जाऊन उभी राहते आणि ती तिसरीकडेच बघत असते. कधी कधी मी तशीच पुष्कळ वेळ उभी असते. एक हाक मारली की काम भागेल. कुसुम तिकडून ओरडते, "अगं, आजीला आवाज दे ना." मी भांडं वाजवते.

काल पाचवी होती. पिंजाऱ्याने करून दिलेली गादी पाळण्यात घातली. शेजारणींच्या आग्रहाने पाटा मांडला, कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली. कुसुम हसत होती, "आई, शाई दाट कर हं, फिकट लिहिलं तर वाचता यायचं नाही." मीही हसले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कागद मात्र मी चांगला पांढरा निवडला.

दुपारी कुसुमच्या मनात आलं की आजीच्या मांडीवर बाळ द्यावं. पाच दिवस झाले, आजीने त्याला हात लावला नव्हता, याचं तिला वाईट वाटत होतं. तिने पोर नेली आणि सरळ म्हातारीच्या मांडीवर ठेवली. आईने दोन्ही हात वर घेतले. विस्तवावरून घ्यावेत तसे. बाळ मांडीवर, हात हवेत, आणि ती म्हणाली, "उचल. उचल म्हणतो ना."

कुसुमला रडू आलं. ती बाळ घेऊन पाळण्याकडे गेली, निजवलं आणि स्वतः पलंगावर तोंड फिरवून पडली. मी मात्र संतापले. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं. आईच्या जवळ जाऊन बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "एवढं काय हाय लेकराचं? मले नाही घेतलं, त्याले तरी घ्यावं. मले कधी जवळ नाही घेतलं. मी मरून राह्यली होती त पाठ करून बसली. मले परत घेतलं कायले मंग? त्या घरी सुखात होती मी."

हे मी तिला पहिल्यांदा बोलत होते. ती मांडीवरचं लुगडं सारखं करत राहिली. मला वाटलं ऐकूच गेलं नाही.

"तुले परत घेतलं ते आत्याबाईनं," ती म्हणाली. "कोंडा मी देल्ला. पण मनातून मी तुले घेतलंच नाही."

"काहून?"

"घेतलं असतं त तू राह्यली नसती. तिघांले माहं माहं केलं, तिघं गेले. दात पडला म्हणून काय झालं? थे पाह्यतच असते ना." ती सटवाईबद्दल बोलत होती. "आत्याबाई म्हणे आता भेव नाही. मले होतं. मी ठरवलं, जलमभर म्हणाचं नाही. कोणी इचारलं त सांगतलं, मास्तरची बायको व्हय. शाळेतल्या बाई व्हय. तू आजारी होती तवा ओट्यावर बसलो, तिकडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं त तिले समजलं असतं, इचं काहीतरी आत हाय म्हणून."

लहानपणाचा खेळ होता तो माझ्या समजुतीने, माझ्या दुधाच्या दाताबरोबर संपलेला. ही बाई तो चाळीस वर्षं एकटी खेळत होती. माझ्यावर पहारा ठेवून होती, आणि पहारा म्हणजे माझ्याकडे पाठ. माझ्या जन्माचा सगळा राग ज्या 'राहू द्या'वर उभा होता, ते तिने माझ्या जिवासाठी म्हटलं होतं. मला तिची कीव आली, माझी आली, आणि खरं सांगायचं तर चीडही गेली नाही. जिवंत ठेवलंस बाई, पण कशाला जगवलंस ते कळू दिलं नाहीस.

"आता मी म्हातारी झालो," आई म्हणाली. "आता नेईन त मलेच नेईन थे. आता म्हणून घेतो."

तिने हात पुढे केला. तो आधी माझ्या खांद्याला लागला, मग चाचपत गालावर आला. खरखरीत हात. मी ताठ झाले, नेहमीप्रमाणे. ऐकू येत नाही म्हणून ती मुळातच मोठ्याने बोलते, तेवढ्याच मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "माही पोरगी व्हय तू. माही."

मला वाटायचं, हे ऐकायला मिळालं तर मी ढसाढसा रडेन. तसं काही झालं नाही. मला भीती वाटली. परीक्षा पास झालेली, असल्या गोष्टींना हसणारी मी, माझी नजर आधी पाळण्याकडे गेली, तिथून त्या कोऱ्या कागदाकडे, आणि मग उघड्या दाराकडे. बाहेर कुणी नव्हतं. मी आईचा हात घट्ट धरला आणि तिच्या कानाशी वाकले.

"हळू बोल, माय," मी म्हणाले.